वेलोसिओ: चढावर हरला आणि सायकलचे गिअर बदलत बसला

गेल्या पावसाळ्यात पुसदकडच्या एका चढावर मी माझ्या एमटीबीचा डिरेलर मोडला. डिरेलर म्हणजे मागच्या चाकाजवळ लटकणारा, चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा भाग. फ्रीव्हील घरीच बदललं होतं, चेन मात्र जुनीच ठेवली होती. सायकल ढकलत गावापर्यंत आलो, पोट्टे हसले. त्या रात्री मोबाईलवर डिरेलरबद्दल वाचता वाचता हा माणूस सापडला.

नाव पॉल द विवी, जन्म १८५३, देश फ्रान्स. सेंत-एतियेन शहरात त्याचा रेशमाचा व्यापार होता. १८८७ मध्ये तो सोडून त्याने सायकलचं दुकान टाकलं, सायकलवर मासिकही काढलं. त्यात तो वेलोसिओ या टोपणनावाने लिहायचा, आणि पुढे तेच नाव त्याला चिकटलं.

तेव्हाच्या सायकलला एकच गिअर. शहराबाहेर ११६१ मीटर उंचीचा एक घाट आहे, कोल द ला रेपुब्लिक. असं सांगतात की १८८९ मध्ये त्या घाटात वेलोसिओची दमछाक चालली असताना त्याच्याच मासिकाचा एक वाचक, तोंडात पाइप धरून, आरामात पुढे निघून गेला. झोंबणारच ना! हलका गिअर लावला तर सपाटीवर पाय नुसते भिरभिरणार, जड ठेवला तर घाटात मरण. मग त्याने पेडलजवळ लहान-मोठी दोन चक्रं बसवली. चढ आला की खाली उतरायचं, चेन हाताने उचलून लहान चक्रावर घालायची. हात काळे, पण घाट पार. नंतर डाव्या बाजूलाही अशीच जोडी बसवून त्याने चार गिअर केले. न उतरता गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा प्रचार तर त्याने जन्मभर केला.

यामागचं गणित सोपं आहे. माझ्या सायकलला पुढे सर्वांत लहान चक्र २४ दात्यांचं, मागे सर्वांत मोठी चक्री २८ ची. पेडलच्या एका फेरीत २६ इंची चाक ०.८६ वेळा फिरतं, म्हणजे सायकल साधारण पावणेदोन मीटर सरकते. मागे ३४ दाते लावले की तेच अंतर दीड मीटरच्या आसपास येतं. अंतर घटतं तेवढाच पायावरचा जोरही घटतो. म्हणून मी ३४ चं फ्रीव्हील आणलं.

पण मोठ्या चक्रीला चेनही लांब लागते! त्या चढावर मी पुढचा गिअर उतरवायला विसरलो, पुढे-मागे दोन्हीकडे मोठं चक्र आलं, आखूड चेन ताणली गेली आणि डिरेलर ओढला जाऊन स्पोकमध्ये घुसला. चेन मापायची रीत अशी: डिरेलरमधून न घालता ती पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवरून गुंडाळा, टोकं जिथे जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून तोडा. आणि डिरेलरला ३४ दाते झेपतात का, ते फ्रीव्हील घेण्याआधी बघा. मी नंतर बघितलं.

वेलोसिओला हसणारे मात्र गावातले पोट्टे नव्हते. १९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर एक चाचणी-शर्यत घेतली. मार्थ एस नावाची बाई तीन गिअरच्या सायकलवर होती, आणि एदुआर फिशर हा नावाजलेला शर्यतपटू एका गिअरवर. बाई जिंकली. तरी संपादक आँरी देग्रांज ढिम्म हलला नाही. गिअर म्हणजे उतारवयातल्या लोकांचं काम, असं त्याचं मत. पुढच्याच वर्षी त्याने टूर द फ्रान्स सुरू केली. त्या शर्यतीत डिरेलरला कितीतरी वर्षं बंदी होती, म्हणून खेळाडू घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे आणि दुसऱ्या बाजूची चक्री चेनकडे येईल असं उलटं बसवायचे. म्हणजे उतरणं काही चुकलं नाहीच!

वेलोसिओ १९३० मध्ये सेंत-एतियेनमध्येच ट्रामची धडक बसून गेला. टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली १९३७ मध्ये.