चांदबीबी

चांदबीबी (जन्म : इ.स. १५५० च्या सुमारास. मृत्यू : इ.स. १६००) ही अहमदनगरच्या निजामशाहीतील राजकन्या आणि विजापूरच्या आदिलशाहीची राणी होती. तिने दोन्ही राज्यांत अल्पवयीन सुलतानांच्या वतीने कारभार पाहिला. मोगलांच्या वेढ्यात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) किल्ल्याच्या तटाला पडलेले खिंडार एका रात्रीत बुजवून घेतल्याबद्दल ती विशेष प्रसिद्ध आहे.

पूर्वायुष्य

चांदबीबी ही हुसेन निजामशहा (पहिला) आणि खुंजा हुमायून यांची कन्या. निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा याने बांधलेला मातीचा कोट तिच्या वडिलांच्या कारकिर्दीत दगडी करण्यात आला. तिला फारसी व अरबीबरोबरच मराठी आणि कन्नड या भाषाही अवगत असल्याचे सांगितले जाते.

विजयनगरविरुद्ध सुलतानांची आघाडी जुळत असताना तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी (पहिला) झाला. या विवाहात सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून देण्यात आला.

विजापूरमधील कारभार

इ.स. १५८० मध्ये अली आदिलशहाची हत्या झाली. त्याचा अल्पवयीन पुतण्या इब्राहिम (दुसरा) गादीवर आला व चांदबीबी त्याची पालक झाली. सत्ता बळकावणाऱ्या किश्वरखानाने तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले. त्याच्या पाडावानंतर तिची सुटका झाली. पुढे ती अहमदनगरला परतली.

अहमदनगरचा वेढा

इ.स. १५९५ मध्ये निजामशाहीत वारसाहक्काचा तंटा उद्भवला. मियाँ मंजूने आपल्या पक्षाच्या मदतीसाठी अकबराचा पुत्र मुराद याला बोलावले. चांदबीबीने बालराजा बहादूरचा पक्ष घेऊन किल्ल्याच्या संरक्षणाची जबाबदारी स्वीकारली. डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला.

खंदक व भक्कम तट यांमुळे थेट हल्ल्याने किल्ला घेणे अवघड होते. म्हणून मोगलांनी तटाच्या पायाखाली सुरुंग खणून त्यांत दारू भरली. वरून तट कितीही मजबूत असला, तरी पायाखालची जमीन उडाली की तो ढासळतो. मोगलांच्या छावणीतील एका सरदाराने ही बातमी किल्ल्यात पोचवली. आतल्या लोकांनी उलट बाजूने खणून दोन सुरुंगांतील दारू काढून घेतली. तिसऱ्याचा शोध चालू असतानाच फेब्रुवारी १५९६ मध्ये त्याचा स्फोट झाला आणि तटाचा मोठा भाग कोसळला.

अनेकांचा धीर सुटला असता चांदबीबी चिलखत घालून, बुरखा घेऊन आणि हाती तलवार धरून खिंडारापाशी आली. उरलेले सुरुंगही उडतील या अपेक्षेने मोगलांनी हल्ल्यास विलंब लावला. त्या अवधीत किल्ल्यातील लोकांनी तेथे तोफा आणून लावल्या. संध्याकाळपर्यंत झालेले हल्ले परतवण्यात आले. रात्री तिच्या देखरेखीखाली भिंत पुन्हा उभारण्यात आली आणि पहाटेपर्यंत वाट बंद झाली. शिसे संपल्यावर तिने तोफांतून सोन्यारूप्याची नाणी डागली, अशी आख्यायिका आहे.

विजापूरहून मदतीची फौज येत होती आणि मोगल सेनानींत मतभेद होते. त्यामुळे तह झाला. वऱ्हाड मोगलांना मिळाले, तर बहादूरची गादी कायम राहिली.

मृत्यू

इ.स. १५९७ मध्ये गोदावरीकाठी दख्खनी फौजांचा पराभव झाला. दरबारातील फूटही वाढत गेली. इ.स. १६०० मध्ये शहजादा दानियालने पुन्हा वेढा घातला. बालराजाच्या जिवाची हमी घेऊन किल्ला सोडावा, असे चांदबीबीचे मत पडले. ती शत्रूला फितूर झाल्याची आवई उठवण्यात आली. चिथावलेल्या जमावाने महालात शिरून तिची हत्या केली. त्यानंतर लवकरच, ऑगस्ट १६०० मध्ये, सुरुंगांनी तट फोडून मोगलांनी किल्ला घेतला. बहादूरला ग्वाल्हेरला कैदेत पाठवण्यात आले.

स्मृती

फिलिप मेडोज टेलर याने इ.स. १८७८ मध्ये तिच्या जीवनावर इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. अहिल्यानगर शहराजवळील डोंगरावरची अष्टकोनी इमारत चांदबीबी महाल म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान (दुसरा) याची कबर आहे.