विश्लेषण : नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंद शहांची हद्द कुठवर होती?

नागपूरचे संस्थापक म्हणून देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शहा यांचे नाव घेतले जाते. पण त्यांचे राज्य कुठे सुरू होऊन कुठे संपत होते, याचे उत्तर एका नकाशात मिळत नाही. ‘हद्द’ या शब्दाचा अर्थच तेव्हा प्रत्येकासाठी वेगळा होता.

दिल्ली दरबारी का गेले?

देवगड आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात येते. गोंडांसाठी राज्य म्हणजे गड आणि त्याच्या आसऱ्याची गावे व जंगल. डोंगरात बेवर, म्हणजे फिरती शेती चाले. काही वर्षे पडीक ठेवलेली जमीनही आपलीच असे. मोगलांचा हिशेब सरळ होता, खंडणी येते तो मुलूख आपला. गादीच्या वादात पाठबळ मिळवण्यासाठी बख्त बुलंद औरंगजेबाकडे गेले, इस्लाम स्वीकारला आणि राज्य मिळवले. बख्त बुलंद हे नावही दरबाराने दिलेले.

मग बंड का केले?

शेजारच्या पेंचच्या जंगलातील वाघ झाडांवर ओरखडे काढून, मूत्राचे फवारे मारून हद्द आखतो. ही खूण सतत ताजी ठेवावी लागते. फेरी थांबली की दुसरा वाघ शिरतो. औरंगजेबाचे सैन्य दख्खनच्या युद्धात अडकले, तेव्हा बख्त बुलंद यांनी वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरील मोगल मुलूख लुटला. तुलना इथेच थांबते, कारण वाघ गावे वसवत नाही.

नागपूर कसे उभे राहिले?

त्यांची खरी कामगिरी हीच. १७०२ च्या सुमारास राजापूर बारसा नावाने ओळखली जाणारी १२ खेडी जोडून त्यांनी नागपूर वसवले. हिंदू-मुस्लीम शेतकरी आणि कारागिरांना बाहेरून बोलावून जमिनी दिल्या. डोंगरी गडावरचे राज्य नांगराखालच्या मैदानात उतरले. पुढे चांद सुलतान यांनी राजधानीच नागपूरला आणली, तट बांधला आणि जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, तयार केला.

मात्र याच सुपीक मुलखावर भोसल्यांची नजर गेली. चांद सुलतान यांच्यानंतर वारसांत भांडण पेटले आणि राणीने मदतीला बोलावलेल्या रघुजी भोसल्यांनी १७४३ मध्ये राज्यच ताब्यात घेतले. तरी बुऱ्हाण शहा यांना त्यांनी पदावरून हटवले नाही. सत्ता आणि महसूल भोसल्यांकडे गेला, राजा हा किताब गोंड घराण्याकडे राहिला. गोंडराजांचा किल्ला आजही महाल भागात आहे.