पंडिता रमाबाईंची प्रार्थना

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थे हिंडत, पुराणे सांगत त्या वाढल्या. दुष्काळ आला तेव्हा या कुटुंबाने देवापुढे काय करायचे ठेवले? व्रते झाली, उपवास झाले, दाने झाली. तरी आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाईंची जुनी श्रद्धा उडाली, यात नवल नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु नेटाने मागत राहणे त्या पुढे केडगावला शिकल्या, असे मला वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व बायका आणल्या. एवढ्या तोंडांना धान्य, कपडा, पाणी हवे. ते प्रार्थनेत मागायचे आणि उठून कामाला लागायचे, हा मुक्तिसदनाचा क्रम.

१९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितले. आरंभी सुमारे सत्तर जणी आल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, त्याही दिवसातून दोनदा. मुली रडत, सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कित्येकांना हा उन्माद वाटला. संस्कृतच्या या पंडितेने मात्र त्या पोरींना गप्प केले नाही. त्यांच्या पदव्यांपेक्षा मला हे मोठे वाटते.

हिब्रू व ग्रीक शिकून त्या बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा वारली; काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. त्याचे खिळे मुक्तिसदनातल्या बायकांनीच जुळवले होते.