मातृभाषेच्या शाळेतून बिनतारी लहरींपर्यंत : जगदीशचंद्र बोस

वराळे (ता. मावळ) : वराळे परिसरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत टेलिकॉम शिकायला येणाऱ्या गावाकडच्या पोरांना इंग्रजीची धास्ती असते. त्यांच्यासाठी ही गोष्ट.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म १८५८ चा, बंगालातला. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला घातलं साध्या बंगाली शाळेत. शेजारी बसायला शिपायाचा अन् कोळ्याचा पोरगा. पुढे ते केंब्रिजला शिकले आणि १८८५ मध्ये कोलकात्यात प्राध्यापक झाले. पगार इंग्रजांपेक्षा कमी, म्हणून तीन वर्षं पगारच घेतला नाही, शिकवणं मात्र चालू ठेवलं. शेवटी मागच्या बाकीसह पूर्ण पगार मिळाला. १८९५ मध्ये त्यांनी बिनतारी लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवून दाखवली. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी हाताळलेल्या मिलिमीटर लहरी आज ५जीच्या काही पट्ट्यांत वापरल्या जातात.