थकव्याचं मोजमाप करणाऱ्या लिलियन गिलब्रेथ

मान आणि कंबर दुखते म्हणून बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांमध्ये कचेरीत बसून काम करणारे आता बरेच असतात. गोळीने चार दिवस बरं वाटतं. पण टेबल तेच, खुर्ची तीच, त्यामुळे दुखणं परत येतं. माणसाने टेबलाशी जुळवून घ्यायचं की टेबल माणसाच्या मापाचं करायचं, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी चिकाटीने लावून धरला, त्यांत लिलियन गिलब्रेथ हे महत्त्वाचं नाव.

त्यांचा जन्म १८७८ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथे झाला. बर्कलेला त्या साहित्य शिकल्या. १९०४ मध्ये त्यांचं लग्न फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी झालं. फ्रँक गवंडीकामापासून वर आलेले कंत्राटदार. प्रत्येक विटेसाठी गवंड्याला वाकावं लागतं, हे पाहून त्यांनी विटा हाताशी येतील अशी वर-खाली करता येणारी परांची बनवली होती.

त्या काळात फ्रेडरिक टेलर यांच्या प्रभावाने कारखान्यांत स्टॉपवॉच लावून काम मोजलं जाई आणि कामगारांना त्या घड्याळाची धास्ती वाटे. काम करणाऱ्याच्या मनाचा विचार केल्याशिवाय कोणतीही पद्धत टिकत नाही, असं लिलियन यांचं मत होतं. व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १९१४ मध्ये आलं. लेखक बाई आहे हे कळू नये म्हणून प्रकाशकाने त्यांच्या नावाची फक्त आद्याक्षरं छापली. पुढच्याच वर्षी ब्राउन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

१९१६ मध्ये या दांपत्याने थकव्यावर पुस्तक लिहिलं. कामामुळे येणारा थकवा अटळ असतो. पण चुकीची उंची, अपुरा उजेड, टेकायला जागा नसणं यांतून येणारा थकवा अनावश्यक असतो, अशी फोड त्यांनी केली. आज शरीरशास्त्रही हेच सांगतं. हालचाल करणारा स्नायू आकुंचन पावतो आणि सैलही होतो, त्यामुळे त्याला रक्त मिळत राहतं. उलट, उंच टेबलामुळे खांदे तासन्‌तास उचललेले राहिले, तर ताणलेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि ते दुखू लागतात. अशी व्यक्ती फारशी हललेली नसते, तरी खरोखर दमलेली असते. तिला आळशी ठरवणं चूक आहे.

फ्रँक यांनी शस्त्रक्रियांचंही चित्रीकरण केलं. सर्जन स्वतःच हत्यारं शोधत बसतो, हे त्यात दिसलं. मागितलेलं हत्यार परिचारिकेने सर्जनच्या हातात द्यावं, ही त्यांची सूचना आज आमच्या क्षेत्रात नित्याची झाली आहे.

या दांपत्याला बारा मुलं झाली. त्यांतली एक मुलगी १९१२ मध्ये घटसर्पाने गेली. १९२४ मध्ये फ्रँक यांचं हृदयविकाराने अचानक निधन झालं. पदरी अकरा मुलं, आणि बाईकडून कसला सल्ला घ्यायचा म्हणून अनेक कंपन्यांनी करार पुढे चालवले नाहीत. लिलियन यांनी काम सोडलं नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानातल्या कर्मचाऱ्यांच्या थकव्याचा अभ्यास करून त्यांनी आवाज आणि उजेड यांत बदल सुचवले.

पुढे स्वयंपाकघराची मांडणी त्यांच्याकडे आली. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला स्वयंपाकात फारशी गती नव्हती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी ओटा, शेगडी आणि सिंक यांची योग्य उंची ठरवताना त्यांनी चार हजारांहून अधिक स्त्रियांना विचारलं. एकच उंची सगळ्यांना सोयीची नसते, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्यांनी रोजच्या वापरातून दाखवून दिली. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी आयबीएमबरोबर त्यांनी घरकारभार सांभाळणाऱ्या गृहिणीसाठी एक टेबलही तयार केलं. १९३५ मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. १९७२ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे नवी कचेरी सजते तेव्हा आराखडा वरिष्ठ आणि सजावटकार ठरवतात. बसणाऱ्यांना तो उद्घाटनाच्या दिवशी दिसतो. त्याऐवजी सगळं फर्निचर घेण्याआधी एका कोपऱ्यात चार-पाच टेबलं मांडावीत. बुटके, उंच, गरोदर, चष्मा असलेले, गुडघे दुखणारे अशा वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी तिथे दोन-तीन आठवडे नेहमीचं काम करावं. कुठे दुखलं, डोळ्यांवर उजेड येतो का, आवाजाचा त्रास होतो का, हे त्यांना संध्याकाळी विचारावं, कारण सकाळी सगळ्याच खुर्च्या बऱ्या वाटतात. उत्तरं निनावी घ्यावीत, म्हणजे साहेबांची भीड राहत नाही. मग बदल करून त्याच माणसांना पुन्हा विचारावं. या सगळ्याला फारसा खर्च नाही, आणि आयुष्यभराची पाठदुखी टळू शकते.