गोल्फचे क्लब मापाने बनवून घ्यायचे का? हौशी म्हणूनच खेळलेल्या बॉबी जोन्सच्या आयुष्यात याचं उत्तर सापडतं

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, उमरखेड किंवा पांढरकवड्याकडच्या एखाद्या गावात कुऱ्हाडीला नवा दांडा बसवायचा असला की माणूस धावड्याचं लाकूड शोधतो. सागवानाचं जंगल आसपास असलं तरी दांड्याला सागवान नाही, धावडाच. कारण तो चिवट असतो, दणका बसला तरी सहज मोडत नाही. बैलगाडीचा आससुद्धा याच लाकडाचा करायचे. दांडा तासून झाला की माणूस कुऱ्हाड हातात घेतो, दोनदा हवेत फिरवून बघतो आणि मूठ जाड वाटली तर पुन्हा तासायला लावतो. दांडा हाताला बसला की ती कुऱ्हाड त्याची. मग तो दुसऱ्याची कुऱ्हाड सहसा हातात घेत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि गोल्फचा काय संबंध?

तर संबंध असा आहे की गोल्फ खेळणाऱ्या हौशी लोकांमध्ये एक वाद कायम चालू असतो. दुकानातला तयार सेट घ्यावा, की आपली उंची, हात, फटका असं सगळं मोजून क्लब बनवून घ्यावेत? एक गट म्हणतो, मापाचे क्लब घेतल्याशिवाय खेळ सुधारत नाही. दुसरा म्हणतो, हे सगळे पैसे उकळायचे धंदे आहेत, रविवारी खेळणाऱ्याला काय फरक पडतो.

या वादात ज्याचं उदाहरण घ्यावं असा एक माणूस होऊन गेला. तो गोल्फच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंपैकी एक होता, पण स्पर्धा खेळला तोवर खेळातून एक पैसा कमावला नाही. कायम हौशी राहिला. त्याचं नाव बॉबी जोन्स.

बॉबीचा जन्म १७ मार्च १९०२ चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरातला. जॉर्जिया म्हणजे आपल्या यवतमाळसारखाच कापसाचा मुलूख. बॉबीच्या आजोबांची कॅन्टन गावात कापडाची गिरणी होती. माणूस कडक, धार्मिक, आणि नातवाच्या या चेंडूफळीचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं.

पोरगं मात्र अगदीच अशक्त होतं. पहिली काही वर्षं त्याला धड अन्न पचत नव्हतं. मोकळी हवा मिळावी म्हणून घरच्यांनी उन्हाळ्यात शहराबाहेर ईस्ट लेकला राहायला सुरुवात केली. तिथे गोल्फचं मैदान होतं. कुणीतरी एक जुना क्लब कापून आखूड केला आणि त्या पाच-सहा वर्षांच्या पोराच्या हातात दिला.

इथेच जरा थांबायला हवं. कारण बॉबीच्या आयुष्यातलं पहिलं माप हेच आहे. मोठ्या माणसाचा लांब क्लब त्याला तसाच दिला असता तर पोरगं त्याच्या वजनाला लटकलं असतं, आणि कसाबसा चेंडूला लावायचा म्हणून वेडावाकडा फटका शिकलं असतं. दांडा कापायला करवत आणि पाच मिनिटं लागली असतील.

पुढचं शिक्षण त्याने बघून बघून घेतलं. ईस्ट लेकला स्टुअर्ट मेडन नावाचा प्रशिक्षक होता, स्कॉटलंडच्या कार्नूस्टी गावातून आलेला, अतिशय कमी बोलणारा. बॉबी त्याच्या मागे मागे फिरायचा, त्याचा फटका बघायचा आणि घरी येऊन हुबेहूब तसाच मारायचा. शिकवणी अशी झालीच नाही. नवव्या वर्षी तो आपल्या क्लबचा ज्युनियर विजेता झाला, आणि १९१६ मध्ये चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला. लोक बघायला जमले.

पण पुढची सात वर्षं हातात मोठं काही आलं नाही. खेळ होता, डोकं थाऱ्यावर नव्हतं. फटका चुकला की शिव्या, आणि पाठोपाठ क्लब हवेत. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या ब्रिटिश ओपनमध्ये एका बंकरमधून चेंडू बाहेर निघेना, तेव्हा त्याने डाव अर्ध्यात सोडला. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने फेकलेला क्लब एका प्रेक्षक बाईच्या पायाला लागला. असोसिएशनने कळवलं की राग आवरता येत नसेल तर आमच्या स्पर्धांत खेळता येणार नाही.

चूक फटक्याची आणि शिक्षा क्लबला, हा प्रकार आपल्याकडे टेनिस बॉलच्या मॅचमध्ये आऊट झालेला प्रत्येक जण करतो. बॉबीने तो हळूहळू सोडला. आणि क्लब फेकायच्या ऐवजी तो क्लब निवडायला लागला.

त्या काळातले क्लब कसे असायचे, हे माहीत असल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. दांडा लाकडी असायचा, हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाचा. हिकरी म्हणजे तिकडचा धावडा समजा. चिवट, लवचिक, कुऱ्हाड-हातोड्याच्या दांड्यांसाठी प्रसिद्ध. पण लाकूड ते लाकूड. एकाच झाडाचे दोन दांडे सारखे निघत नाहीत. एक कडक, एक लवचिक. फटका मारताना दांडा वाकतो तसा पीळही खातो, आणि पातं चेंडूला लागायच्या क्षणी सरळ व्हायला हवं. दांडा जास्त लवचिक असेल तर हात थांबवून धरावा लागतो, कडक असेल तर रेटावा लागतो. म्हणजे पिशवीत दहा वेगवेगळ्या स्वभावाचे क्लब असतील तर दहा वेगवेगळे फटके शिका.

यावर बॉबीचा उपाय म्हणजे चिकाटी. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्ट या कारागिराने घडवलेली लोखंडी पाती त्याच्या पसंतीची होती. दांडे तो हातात घेऊन, हलवून, मारून बघायचा. जो हाताला बसला तो पिशवीत, बाकीचे बाजूला. वर्षानुवर्षं एकेक करत त्याने आपला संच जमवला. मोजायला यंत्र नव्हतं, होते ते फक्त त्याचे हात. गडी मेकॅनिकल इंजिनियर होता बरं का. १९२२ मध्ये जॉर्जिया टेकमधून पदवी घेतली, मग हार्वर्डमधून इंग्रजी साहित्य, मग कायदा शिकून वकिली. गोल्फ हे सगळं सांभाळून.

१९२३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या इनवूडला अमेरिकन ओपन होती. त्याआधी स्टुअर्टचा भाऊ जिम मेडन याने बॉबीला एक जुना पटर दिला. पटर म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा छोटा क्लब. त्याचं नाव कॅलॅमिटी जेन. तो बॉबीसाठी बनवलेला नव्हता, महागडा नव्हता, पण हातात घेतला आणि बसला. ती ओपन बॉबीने जिंकली आणि सात वर्षांचा दुष्काळ संपला.

पुढे जेनच्या दांड्याला तडे गेले तर त्यावर दोऱ्याचे पट्टे गुंडाळले. घासून पुसून पातं झिजलं, तेव्हा त्याने नवीन आकाराचा पटर शोधला नाही. जुन्यावरून तंतोतंत तसाच दुसरा करून घेतला. पहिल्या जेनने त्याला तीन मोठी विजेतेपदं दिली, दुसरीने दहा.

त्या दहातली चार एकाच वर्षातली. १९३० मध्ये ब्रिटनची हौशी स्पर्धा, ब्रिटिश ओपन, अमेरिकन ओपन आणि अमेरिकेची हौशी स्पर्धा, चारही त्याने जिंकल्या. अटलांटाचा एक वकील रोजीरोटी गोल्फवर असलेल्या व्यावसायिकांना त्यांच्याच स्पर्धेत हरवत होता. हिवाळ्यात महिनोन् महिने तो क्लबला हातही लावायचा नाही. चार स्पर्धा झाल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने स्पर्धात्मक गोल्फ सोडलं.

प्रामाणिकपणाचा किस्साही याच माणसाचा. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये गवतात त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःच आपल्यावर एक फटक्याचा दंड लावून घेतला, शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला.

आता मुद्द्यावर येऊ. निवृत्तीनंतर हौशीपणाचं बंधन सुटलं. वॉर्नर ब्रदर्ससाठी त्याने गोल्फ शिकवणारे छोटे सिनेमे केले आणि स्पॉल्डिंग कंपनीसोबत क्लब बनवायला घेतले. तोवर दांडे पोलादी झाले होते, कारखान्यात एकसारखे काढता येत होते. गोल्फच्या जगात असं सांगतात की या काळात कधीतरी बॉबीचे जुने लाकडी दांड्यांचे क्लब उपकरणांवर तपासले गेले. निव्वळ हाताच्या अंदाजाने जमवलेले ते क्लब तोलाला एकमेकांशी जुळणारे निघाले. अपवाद फक्त एकाचा, मॅशी निब्लिकचा, म्हणजे आजच्या साधारण आठ नंबरच्या लोखंडी क्लबचा. आणि नेमका याच क्लबने त्याला कायम त्रास दिला होता.

हा किस्सा मापाचे क्लब विकणारे मोठ्या आवडीने सांगतात. बघा, जगातल्या सर्वोत्तम हातालासुद्धा चुकीचा क्लब सांभाळता आला नाही. बरोबर आहे. पण याच किश्शाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. तो बिघडलेला क्लब पिशवीत ठेवूनच त्याने तेरा मोठी विजेतेपदं मिळवली.

शिवाय बॉबीच्या हाताला ही पारख आली कशी, हेही बघायला हवं. त्याचा फटका लहानपणापासून एकाच वळणाचा होता. फटका ठरलेला होता म्हणून कोणता क्लब त्यात बसतो आणि कोणता खटकतो, हे त्याला कळत होतं. नवशिक्याचा फटका सोमवारी एक आणि शनिवारी दुसरा. त्याचं माप घेऊन सगळा संच बनवला तर तीन महिन्यांनी माणूस बदललेला असतो आणि क्लब जुन्या माणसाचे राहतात. म्हणून फटका स्थिर व्हायच्या आधी रडारच्या यंत्रापुढे उभं राहून महागडा संच बनवून घेण्यात फारसा अर्थ नाही.

मात्र तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून बघायलाच हव्यात. एक, दांड्याची लांबी. उंचीपेक्षाही मनगट जमिनीपासून किती वर येतं त्यावर ती ठरते. दुसरी, मुठीची जाडी, म्हणजे तीच कुऱ्हाडीची गोष्ट. आणि तिसरी, दांडा आणि पातं यांमधला कोन. चेंडूला लागताना पात्याचं पुढचं टोक वर उचललेलं असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो, टोक खाली दबलेलं असेल तर उजवीकडे. खेळणाऱ्याला वाटतं आपलाच फटका वाकडा, मग तो अंग वाकडं करून चेंडू सरळ पाठवायला शिकतो. ही सवय नंतर सुटता सुटत नाही. १९७० च्या दशकात पिंग कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइम या इंजिनियरने याच कोनाप्रमाणे क्लबवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके द्यायला सुरुवात केली. जुन्या सेटवरही मूठ बदलता येते, दांडा कापता येतो, बऱ्याच लोखंडी क्लबचा कोन वाकवूनही घेता येतो. त्यासाठी नवा संच लागत नाही.

गंमत म्हणजे स्वतः एकेक दांडा पारखून घेणाऱ्या बॉबीच्या सहीचे क्लब पुढे कारखान्यातून तयार संच म्हणून दुकानोदुकानी विकले गेले.

त्याने अटलांटापासून दूर ऑगस्टा इथे स्वतःचं मैदान उभं केलं. १९३४ पासून तिथे होणारी स्पर्धा म्हणजे आजची मास्टर्स.

१९४८ मध्ये तो ईस्ट लेकला शेवटचा खेळला. पाठीच्या कण्याचं दुखणं सुरू झालं होतं. मज्जारज्जूच्या आत द्रवाची पोकळी तयार होण्याचा, सिरिंगोमायेलिया नावाचा दुर्मीळ आजार होता. आधी काठी, मग पायांना आधाराच्या पट्ट्या, मग चाकाची खुर्ची. ज्या हातांनी दांड्यातला रतीभर फरक ओळखला, त्या हातांची बोटं आखडत गेली.

१९५८ मध्ये सेंट अँड्र्यूजने त्याला शहराचं मानाचं नागरिकत्व दिलं. हा मान आधी मिळालेला अमेरिकन म्हणजे १७५९ मधला बेंजामिन फ्रँकलिन. ज्या गावात एकोणीस वर्षांचा बॉबी डाव टाकून निघून गेला होता, तिथलं सभागृह त्याच्यासाठी गच्च भरलं होतं.

शेवटच्या वर्षांत पेन बोटांत धरवेना. तेव्हा चेंडूला भोक पाडून त्यात पेन खोचलं, आणि तो चेंडू मुठीत धरून बॉबी पत्रांवर सह्या करायचा.

१८ डिसेंबर १९७१ रोजी तो अटलांटात वारला. तिथल्या ओकलँड दफनभूमीत त्याच्या थडग्यावर लोक आजही गोल्फचे चेंडू ठेवून जातात.