नरसिंह राव यांचे मराठी अध्ययन : अनुवादापासून परराष्ट्र व्यवहारापर्यंत

परळी वैजनाथहून बीदरमार्गे विकाराबादकडे जाणारा लोहमार्ग मराठवाड्यातून निघून तेलुगू प्रदेशात प्रवेश करतो. १९५६ पर्यंत ही दोन्ही टोके हैदराबाद या एकाच संस्थानात, आणि संस्थानाच्या विलीनीकरणानंतर त्याच नावाच्या राज्यात होती. मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषक येथे एका सत्तेखाली राहत होते. परंतु शासनाची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने या तिन्ही भाषांना परस्परांशी बोलण्याचे अधिकृत व्यासपीठ नव्हते. या पार्श्वभूमीवर ज्यांनी शेजाऱ्याची भाषा स्वतःहून आत्मसात केली, त्यांच्यात पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांची राजकीय कारकीर्द सर्वज्ञात आहे. मराठी अभ्यासकांकडून मात्र त्यांच्या मराठी अध्ययनाचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

नरसिंह राव यांचा जन्म २८ जून १९२१ रोजी वरंगळ परिसरातील लक्नेपल्ली येथे झाला. दत्तक गेल्यामुळे त्यांचे बालपण करीमनगर जिल्ह्यातील वंगरा या गावी गेले. १९३८ मध्ये संस्थानातील विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् गीतावरील बंदीविरुद्ध आंदोलन पुकारले. त्यात सहभागी झाल्यामुळे राव यांना संस्थानातील शिक्षणाची दारे बंद झाली. अशा विद्यार्थ्यांना सामावून घेणाऱ्या नागपूरने त्यांनाही आश्रय दिला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात विज्ञानाचे आणि नागपूरला कायद्याचे शिक्षण त्यांनी पूर्ण केले. मराठीशी त्यांचा संबंध दृढ झाला तो या काळात. ही भाषा त्यांनी निवडलेली नव्हती. ती निर्वासनामुळे वाट्याला आली होती. पण शिक्षण संपताच विसरावयाची ती केवळ सोयीची भाषा आहे, असे त्यांनी मानले नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

१९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात चांदा येथील छावणीतून त्यांनी कार्य केले. त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे जन्माने कन्नड प्रदेशातील. परळीपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली होती. तिन्ही भाषांच्या कार्यकर्त्यांनी उभा केलेला हा लढा १७ सप्टेंबर १९४८ रोजी यशस्वी झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात व तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. राव १९५७ मध्ये मंथनी मतदारसंघातून आंध्र प्रदेश विधानसभेवर निवडून आले. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी पुढे याच मंथनीच्या परिसरातून जाते. राज्ये विभक्त झाली, तरी नदीप्रमाणे भाषेचा प्रवाहही अखंड राहू शकतो, याचा प्रत्यय राव यांच्या वाङ्मयीन कार्यातून येतो.

हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचा राव यांनी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगू अनुवाद केला. ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कादंबरी यमूच्या आत्मकथनाच्या रूपाने विधवेच्या यातनांचा लेखाजोखा मांडते. अशा कृतीचा अनुवाद करावयाचा, तर शब्दकोश पुरेसा पडत नाही. एकोणिसाव्या शतकातील पुणेरी ब्राह्मण कुटुंबातील नातेसंबंध, सोवळेओवळे, केशवपनाची रूढी, घरातील बायकांची बोलण्याची रीत, हे सारे आतून उमगावे लागते. तेलुगू वाचकाला हे विश्व सर्वस्वी अपरिचित नव्हते. कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी राजमहेंद्री येथे ११ डिसेंबर १८८१ रोजी विधवाविवाह घडवून आणला होता. प्रश्न दोन्ही समाजांचा एकच होता, त्याला व्यक्त करणारी घरगुती भाषा मात्र वेगळी होती. शीर्षकातील बदलही लक्षणीय आहे. मूळ शीर्षकात समाजाला उद्देशून केलेला त्राग्याचा प्रश्न आहे. तेलुगू शीर्षकात तो प्रश्न मावळतो आणि स्त्रीचे जीवन हा विषय पुढे येतो. मराठी शीर्षकातील धार येथे काहीशी कमी झाली, असे म्हणावे लागेल. परंतु नव्या वाचकाला कथावस्तूचा रोख पहिल्याच पानावर कळतो, हा लाभही नाकारता येत नाही.

राव यांचा दुसरा महत्त्वाचा अनुवाद म्हणजे विश्वनाथ सत्यनारायण यांच्या ‘वेयि पडगलु’ या तेलुगू कादंबरीचे ‘सहस्रफण’ हे हिंदी रूप. ही कादंबरी ढासळत चाललेल्या पारंपरिक समाजव्यवस्थेविषयी आस्था बाळगते. आपटे यांची कादंबरी त्याच व्यवस्थेवर प्रहार करते. परस्परविरोधी दृष्टीच्या या दोन कृतींना एकाच अनुवादकाने न्याय देण्याचा प्रयत्न करावा, यातच त्याच्या वृत्तीचे मर्म आहे. स्वतःचे मत बाजूस ठेवून दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच भूमिकेवरून समजून घेणे, ही अनुवादकाची शिस्त होय. राजनयाची शिस्तही याहून वेगळी नाही.

जानेवारी १९८० ते जुलै १९८४ आणि पुन्हा १९८८-८९ या काळात राव भारताचे परराष्ट्रमंत्री होते. मार्च १९८३ मध्ये नवी दिल्लीत भरलेली अलिप्त राष्ट्रांची परिषद त्यांच्याच कार्यकाळातील. दुभाषे उपलब्ध असतानाही त्यांनी स्पॅनिश शिकून घेतली. विशेष म्हणजे १९८४ मध्ये हनमकोंडा येथे पराभूत झालेले राव विदर्भातील रामटेकमधून लोकसभेवर गेले आणि १९८९ मध्ये तेथूनच पुन्हा निवडून आले. परराष्ट्रमंत्रिपदाच्या दुसऱ्या कारकीर्दीत ते अशा प्रकारे मराठी मतदारांचे प्रतिनिधी होते. तरुणपणी आश्रयार्थी म्हणून शिकलेली भाषा त्यांना जगासमोर जाताना घरची भाषा म्हणून सोबत करीत होती.

१९९१ ते १९९६ या पंतप्रधानपदाच्या काळातील त्यांचे निर्णय वादग्रस्त ठरले. १९९२ च्या अयोध्येतील घटनांबाबत त्यांच्यावर झालेली टीका त्यांच्या बहुभाषिकतेच्या गौरवाने पुसली जात नाही. २३ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. प्रस्तुत लेखाचा निष्कर्ष मर्यादित आहे. परदेशाशी संवाद साधण्याची पूर्वतयारी परदेशी भाषेपासूनच होते, असे नाही. ती शेजारच्या भाषेतील एक कादंबरी मन लावून वाचण्यापासूनही होऊ शकते. राव यांनी मराठीसाठी जे केले, ते तेलुगूसाठी मराठी भाषकांनी किती केले, हा प्रश्न यातून अटळपणे उभा राहतो. तेलुगू साहित्य इंग्रजी अथवा हिंदीच्या मध्यस्थीने वाचण्यावर समाधान न मानता मूळ भाषेतून शिकण्याची सोय मराठवाड्यातील भाषा विभागांनी करणे, हे या ऋणाच्या परतफेडीचे पहिले पाऊल ठरेल.